‘बिनकण्याचे सगळे एकच’ म्हणे!

ती पोस्ट परत फिरतेय. ‘प्राण्यांचे दोन गट, कणा असलेले आणि नसलेले, नसलेल्यांची रचना साधी, गांडूळ आणि जंत एकाच कुळातले, तारामासा आणि जेलीफिश दोघं गोल म्हणून नातेवाईक.’ शेअर करणारे बरेचसे शिकवणारे लोक आहेत, म्हणून लिहावं लागतंय.

आधी ते दोन गट. अपृष्ठवंशी हा गट नाहीच, उरल्यासुरल्यांचा ढीग आहे तो. प्राण्यांचे तीसेक संघ, म्हणजे मूळ रचनेवरून केलेले मोठे गट, आहेत आणि कणा असलेल्यांना त्यातला एक अख्खा संघसुद्धा मिळत नाही, तिथेही समुद्रातले ट्युनिकेट वाटेकरी आहेतच. ट्युनिकेटच्या पिल्लाच्या शेपटीत चक्क पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीला आधार देणारा लवचीक दांडा, असतो, मग ते दगडाला चिकटतं, शेपटी विरघळवून टाकतं आणि पाणी गाळणारी पिशवी होऊन बसतं. आता याला कुठल्या रांगेत उभं करणार?

गांडूळ आणि जंत, हा तर माझा लाडका मुद्दा. दोन्ही लांब, दोन्ही वळवळतात, झालं? गांडूळ हातात घेऊन बघा, अंगभर वलयं दिसतात, आणि पोटाकडून बोट उलट फिरवलं की खरखर लागते, ते बारीक काटे असतात, मातीत पकड घ्यायला. जंताला, म्हणजे गोल कृमीला, ना वलयं ना काटे, वरून गुळगुळीत जाड आवरण, आणि वाढताना तो कात टाकतो. कात कोण टाकतं? झुरळ, खेकडा, कोळी. १९९७ साली डीएनएच्या अभ्यासातून हे कात टाकणारे सगळे एकत्र आले, म्हणजे जंत गांडुळापेक्षा झुरळाला जवळचा. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं.

तारामासा गोल दिसतो तो मोठेपणी. त्याची अळी डावी-उजवी सारखी असते, आपल्यासारखी, आणि नात्यानेही तो जेलीफिशपेक्षा आपल्याला जवळचा आहे. शिवाय तो नळ्यांमध्ये पाणी खेळवून शेकडो बारीक पायांवर चालतो, जेलीफिशकडे असलं काही नाही. (मासा तर दोघांपैकी एकही नाही, पण ते सोडा.)

राहिलं ‘साधी रचना’. ऑक्टोपसला तीन हृदयं, सुमारे ५० कोटी चेतापेशी, त्यातल्या निम्म्याहून जास्त हातांमध्ये. आणि तो कुणाच्या संघातला? गोगलगाईच्या.