केटी-८८ सरळ खोचू नका

गेल्या रविवारी सकाळी आप्पाकाकांचा फोन आला. "अरे, नव्या केटी-८८ व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद झालाय. असाच असतो का रे?" मी जवळजवळ ओरडलोच, "काका, आधी बटण बंद करा, मग बोलू." त्यांनी लगेच बंद केलं म्हणून अँप वाचला. तरी व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडला (आतल्या एका जाळीला) जोडलेला एक रेझिस्टर काळाठिक्कर पडला आणि जळका वास दोन दिवस खोलीतून गेला नाही.

काका पंचाहत्तरीचे आहेत. त्यांचा चार ईएल-३४ ट्यूबांचा (व्हॉल्व्ह म्हणा की ट्यूब, एकच) अँप, म्हणजे गाणी ऐकायचा अँप्लिफायर, बारा वर्षं विनातक्रार मल्लिकार्जुन मन्सूर आणि वसंतराव देशपांडे ऐकवतोय. त्यात त्यांनी हात घातला तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका मेसेजमुळे. तोच मेसेज मला तीन ग्रुपांवरून आलाय, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: ईएल-३४ ही कमी दर्जाची ट्यूब. काढा आणि तिथेच केटी-८८ लावा. सॉकेट तेच, पिना त्याच, अँपमध्ये काहीही बदल नको. उलट अदलाबदलही चालते. पॉवर दुप्पट, आवाज दुप्पट. खरा बेस केटी-८८शिवाय येत नाही. घ्यायच्या तर ब्रिटिश मलार्ड किंवा गोल्ड लायन याच ब्रँडच्या घ्या, आणि सेट दरवर्षी बदला.

'काहीही बदल नको' या तीन शब्दांनी काकांचा अँप जाळायला घेतला होता, त्यामुळे आधी तेच बघू.

सॉकेट तेच आहे, हे खरं. दोन्ही आठ पिनांच्या ऑक्टल ट्यूब. हीटरचाही, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेचाही, फार फरक नाही: ईएल-३४ला ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर लागतो, केटी-८८ला १.६. चार ट्यूबांचा मिळून ०.४ अँपिअर जास्त, आणि बरा ट्रान्सफॉर्मर तेवढा सोसतो. मेसेजमधलं अर्धसत्य ते एवढंच, आणि तेही मी नाखुशीने मान्य करतोय, कारण माणसं फसतात ती याच अर्ध्या सत्यावर.

खरा प्रश्न बायसचा आहे. ट्यूबमधून किती करंट वाहायचा हे ग्रिडवरचं, म्हणजे आतल्या नियंत्रण जाळीवरचं, ऋण व्होल्टेज ठरवतं; तोच बायस. काकांच्या अँपमध्ये प्लेटवर, म्हणजे आतल्या त्याच पत्र्यावर, साधारण ४३० व्होल्ट आहेत. तिथे ईएल-३४ला ग्रिडवर उणे ३५च्या आसपास दिले की ती शांत बसते. केटी-८८ला तेवढ्याच करंटसाठी उणे ५०च्या आसपास लागतात. आता काकांनी उणे ३५वर ठेवलेल्या सॉकेटात केटी-८८ खोचली. तिच्या दृष्टीने हा नळ जवळजवळ पूर्ण उघडा. करंट सहज १०० मिलीअँपिअरच्या वर जातो. ४३० गुणिले ०.१ म्हणजे ४३ वॅट, आणि हा नुसता अँप चालू ठेवल्यावरचा हिशेब, गाणं अजून लागलेलंच नाही. केटी-८८च्या प्लेटची मर्यादा आहे ३५ वॅट. पत्रा लाल होणार नाही तर काय होणार?

मग बायस फिरवून घ्या की, असं कुणी म्हणेल. मी सोमवारी संध्याकाळी मीटर घेऊन काकांकडे गेलो. प्रीसेट (बायस कमीजास्त करायचा छोटा स्क्रू) टोकापर्यंत फिरवला तरी उणे ४२च्या पुढे जात नाही. म्हणजे त्या अँपला केटी-८८ नीट चालवताच येत नाही. बायसच्या सर्किटमधले रेझिस्टर बदलावे लागतील. शिवाय केटी-८८च्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीच्या कागदात) फिक्स्ड बायसला, म्हणजे असं ग्रिडला वेगळं ऋण व्होल्टेज देण्याच्या पद्धतीला, ग्रिड रेझिस्टरची मर्यादा ईएल-३४पेक्षा बरीच कमी आहे, तेही तपासावं लागेल. हे सगळं 'काहीही बदल नको'मध्ये बसवायचं कसं?

हे फिरवाफिरवीचं काम सवय नसलेल्या माणसाने करूच नये. आत ४३० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये शिल्लक राहू शकतात. पंचाहत्तरीच्या माणसाला मेसेज पाठवताना याबद्दल एक ओळ लिहायला काय जात होतं?

'उलटही चालतं' हे तर आणखी वाईट. ईएल-३४ पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडची ट्यूब आहे आणि तिचं सप्रेसर ग्रिड (प्लेटजवळची जाळी) वेगळं पहिल्या पिनेवर काढलेलं असतं. ते कॅथोडला, म्हणजे आठव्या पिनेला जोडलेलंच हवं. केटी-८८ किंवा ६एल६ या आणखी एका पॉवर ट्यूबसाठी बनवलेल्या अँपमध्ये पहिली पिन बरेचदा मोकळी असते, किंवा जागा रिकामी म्हणून कारागिराने तिच्यावर दुसऱ्याच रेझिस्टरचं टोक टाकलेलं असतं. तिथे ईएल-३४ खोचायची म्हणजे नशिबावर सोडायचं. ६एल६-जीसीच्या अँपमध्ये तर हीटरही आडवा येतो: तिला ०.९ अँपिअर पुरतो, ईएल-३४ला १.५. चार ट्यूबांना मिळून २.४ अँपिअर जास्त. ट्रान्सफॉर्मर तापून जाईल.

आता 'कमी दर्जाची ट्यूब'. हे लिहिणाऱ्याने ईएल-३४चं मूळ डेटाशीट उघडूनही पाहिलेलं नाही. प्लेटची मर्यादा २५ वॅट, बरोबर. पण त्याच कागदावर प्लेटला ८०० व्होल्ट दिले तर एका जोडीतून १०० वॅट मिळतात असं छापलंय. केटी-८८ची जोडीही कंपनीच्या कागदावर १०० वॅटपर्यंतच जाते, फक्त कमी व्होल्टेजवर. म्हणजे पॉवर ठरते ती पॉवर सप्लाय आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. मॅकिंटॉश या ऑडिओ कंपनीचा एमसी-२७५ हा १९६१चा अँप केटी-८८वर चॅनलला ७५ वॅट देतो, कारण त्याचे ट्रान्सफॉर्मर आणि सप्लाय तेवढ्यासाठीच बांधलेत. तीच ट्यूब काकांच्या ३५ वॅटच्या अँपमध्ये घातली तर वॅट येणार कुठून? अँपमधला सप्लाय तोच, ट्रान्सफॉर्मर तोच.

आणि समजा ३५चे ५० झाले. फरक दीड डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. बेसचंही तसंच. खालचे सूर घट्ट येतात ते मोठ्या गाभ्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरने आणि नीट बसवलेल्या फीडबॅकने (बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग चूक सुधारायला परत आत देण्याने). बायस व्यवस्थित लावता येणाऱ्या अँपमध्ये केटी-८८चा खर्ज जरा आवळलेला वाटतो, हे मीही ऐकलंय. पण माझ्या कानाला मन्सूरांचा आवाज ईएल-३४वरच जास्त जवळचा वाटतो, आणि काकांनाही वाटत होता, मेसेज येईपर्यंत.

ब्रिटिश मलार्डचं काय सांगू! आज नव्या खोक्यात मिळणारी मलार्ड आणि गोल्ड लायन दोन्ही रशियात सारातोवच्या कारखान्यात बनतात. नावं एका अमेरिकन कंपनीकडे आहेत. ट्यूब वाईट नाहीत, पण 'ब्रिटिश' म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका. स्लोव्हाकियाची जेजे घेतली तरी बिघडत नाही.

दरवर्षी सेट बदलायची गरज नाही. नीट बायस केलेली पॉवर ट्यूब साधारण दोन हजार तास काढते. रोज दोन तास ऐकणाऱ्याला वर्षाला ७३० तास होतात.

काकांच्या जुन्या ईएल-३४ परत लावल्या, रेझिस्टर बदलला, बायस मोजून दिला. केटी-८८ची चार खोकी कपाटात पडून आहेत. दुकानदार वापरलेला माल परत घेत नाही. तो मेसेज तुमच्याकडे आला असेल आणि पुढे पाठवावासाच वाटला, तर त्याखाली एवढं लिहून पाठवा: अँपवर किंवा मॅन्युअलमध्ये केटी-८८चं नाव छापलेलं नसेल तर खोचू नका, आणि चुकून खोचलीच व पत्रा लाल दिसला तर फोन करायच्या आधी बटण बंद करा.