मुलुंडकर, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर: स्कीइंग शिकायचं तर एका उतारावर आठवडाभर राहा

नमस्कार मुलुंडकर,

आपल्याकडच्या स्कीइंगच्या ठिकाणांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही चौघं नाताळच्या सुट्टीत एका टूर कंपनीबरोबर काश्मीरला गेलात. सात दिवसांत गुलमर्गच्या वाट्याला एकच दिवस होता आणि बर्फ जेमतेम घोट्याइतका. मुलाला स्नोबोर्ड करायचं होतं, तर कुणीतरी बोर्ड पायाला बांधून दिला आणि शिकवायला मात्र कुणी थांबलं नाही. तो मनगटावर पडला. तुमचे आरोप तीन आहेत: मी बर्फाबद्दल वाचकांची दिशाभूल केली, श्रीमंतांचा शौक मध्यमवर्गाच्या गळ्यात मारते आहे, आणि जायचंच तर जॉर्जियातल्या गुदौरीला जावं, आपल्याकडे ना धड उतार, ना धड सोय.

पहिला आरोप मला मान्य आहे. 'हंगाम डिसेंबर ते मार्च' एवढं लिहून मी मोकळी झाले होते. ते चुकलं, आणि ती ओळ आज बदलली आहे. हिमालयातला बर्फ आपल्या श्रावणसरींसारखा रोज हजेरी लावत नाही. भूमध्य समुद्राकडून ओल घेऊन येणाऱ्या वादळी प्रणाली, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, तो घेऊन येतात. एखादा जोरकस आला तर दोन दिवसांत कंबरभर बर्फ साचतो, आणि मग दोन-तीन आठवडे नुसतं कोरडं, निळं आभाळ. 21 डिसेंबरला काश्मिरात चिल्ला-ए-कलान सुरू होतं, म्हणजे चाळीस दिवसांची कडक थंडी. आपल्याला वाटतं, एवढा गारठा आहे म्हणजे बर्फ असणारच. पण बर्फाला थंडीइतकीच ओल लागते, आणि ती विक्षोभ आल्याशिवाय येत नाही. जानेवारी 2024 मध्ये अर्धा महिना उलटला तरी गुलमर्गचं कुरण तपकिरीच होतं; बर्फ आला तो महिनाअखेरीस. 2025 मध्ये खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या, त्या बर्फाअभावी मार्चवर गेल्या. राष्ट्रीय स्पर्धेची ही गत, तिथे आपल्या चार तिकिटांची काय कथा.

आपण कुणी जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला धबधबे बघायला जात नाही, कारण आपल्याला पावसाची चाल ठाऊक आहे. बर्फाची चाल आपल्या अंगवळणी नाही, आणि ती समजावून सांगणं हे माझं काम होतं. तेव्हा आता स्पष्ट लिहिते: जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. घरात दहावी-बारावी असेल तर ते वर्ष सोडा. बाकीच्यांनी 26 जानेवारीला जोडून रजा टाकावी. आणि फक्त नाताळचीच सुट्टी मिळत असेल तर काश्मीर जरूर बघा, पण स्कीइंग शिकायला म्हणून जाऊ नका.

आता ज्या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही, तो. तुमच्या सहलीचा घात बर्फाने केला त्याहून जास्त कार्यक्रमपत्रिकेने केला. सात दिवसांत एक दिवस गुलमर्ग, त्यातला अर्धा जाण्यायेण्यात आणि गंडोल्याच्या, म्हणजे केबलकारच्या, रांगेत. कंबरभर बर्फ असता तरी तुमच्या मुलाला काही शिकता आलं नसतं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझी पहिली खेप अशीच वाया गेली होती. नऊ दिवसांत शिमला, नारकंडा, मनाली आणि सोलंग केलं, गाडीत बसून कंबर धरली. घरी येऊन हिशेब मांडला तर स्की पायात असलेला वेळ पाच तासही भरेना. पुढच्या खेपेला मी आणि बहीण गुलमर्गला आठ रात्री एकाच खोलीत राहिलो आणि रोज त्याच एका उतारावर गेलो.

त्या उताराची लांबी शंभर-सव्वाशे पावलं असेल. पहिल्या सकाळचा अर्धा तास नुसता बुटांवर गेला. स्कीचा बूट टणक प्लॅस्टिकचा असतो. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. आत एकच पातळ मोजा घालायचा. दोन घातले तर पाय आवळला जातो आणि उलट जास्त गार पडतो. आमच्या शिक्षकाने तीन जोड बदलायला लावले. नंतर स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून, म्हणजे स्नोप्लाव करून, नुसतं थांबायला शिकवलं. वळायला शिकवताना त्यांनी आपला एक हातमोजा काढून बर्फावर ठेवला. त्याला वळसा घालून जायचं. डावीकडे वळायचं तर वजन उजव्या पायावर द्यायचं, आणि शरीर नेमकं उलट करू बघतं. मी हातमोज्यावरून सरळ गेले, पुन्हा वर चढले, पुन्हा गेले. "घुटना आगे, मॅडम, पीछे मत बैठो," एवढंच ते दिवसभर म्हणत होते. रोज तो हातमोजा थोडा खाली आणि थोडा बाजूला ठेवला जायचा. चौथ्या दिवशी दुपारी मी त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून खाली येऊन थांबले, तेव्हा तो भिजून लाकडासारखा कडक झाला होता.

आता सांगा, ते चार दिवस मी गुदौरीला असते तर काय वेगळं झालं असतं? गुदौरी छान आहे, यात वाद नाही. तिबिलिसीहून सव्वाशेएक किलोमीटर, वरचं टोक सव्वातीन हजार मीटरच्या आसपास, यंत्राने सपाट केलेले लांबच लांब उतार, एका लिफ्टवरून दुसरीवर जाता येतं. ज्याला वळता आणि थांबता येतं त्याने अवश्य जावं. पण शिकणाऱ्याचे पहिले चार दिवस जगात कुठेही गेलात तरी शंभर पावलांच्या मऊ उतारावरच जातात. त्यासाठी लागतो तो सौम्य उतार आणि आपल्या भाषेत बोलणारा, न वैतागणारा माणूस. गुलमर्गला हे दोन्ही आहे. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान, तो खालच्या टंगमर्गजवळचा. तिथल्या मुलांचं बालपण या उतारांवर जातं.

श्रीमंतांच्या शौकाबद्दल. स्वस्त आहे असं मी म्हटलं नव्हतं, आणि आताही म्हणणार नाही. पण पैसा नेमका कुठे जातो ते बघा: विमानाचं तिकीट, रोज नवं हॉटेल, रोजची गाडी. एका जागी राहिलात की यातले शेवटचे दोन गळतात. बांद्रा टर्मिनसहून कटऱ्यापर्यंत स्वराज एक्स्प्रेस आहे आणि जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. वेळ असेल त्याने तसं जावं. स्की, बूट आणि काठ्या तिथे भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. स्वतःचे असावेत ते हातमोजे, गॉगल, थर्मल आणि दोन जोड चांगले मोजे. खाली जीन्स घालू नका, ती भिजते आणि थिजते. थर्मलवर पावसाळी ट्रेकची रेनपँट चढवली की शिकाऊ उताराला पुरते. सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येक घरात ती असते. शिक्षकाचा दिवसाचा दर आदल्या संध्याकाळी बोलून ठरवा, आणि दोघा-तिघांत एक शिक्षक घ्या. आणखी एक, हे फुकट आहे: जायच्या आधी दोन महिने इमारतीचे जिने चढा-उतरा आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायचा सराव करा. माझ्या मांड्यांनी दुसऱ्याच दिवशी मान टाकली होती, ते टाळता येतं.

मुलाच्या स्नोबोर्डबद्दल जे झालं त्याने मला वाईट वाटलं. स्कीमध्ये दोन पाय सुटे असतात, तोल गेला तर एक पाय सावरतो. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, माणूस आडवा उभा. शिकणारा पहिले दोन दिवस आळीपाळीने पाठीवर आणि हातांवर पडतो. म्हणून मनगटाला आधार देणारे गार्ड हवेतच, आणि ते मुंबईहूनच घेऊन जावे. कुठला पाय पुढे हे घरच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून घसरून बघितलं तरी कळतं. डावा पुढे गेला तर रेग्युलर, उजवा गेला तर गूफी. आणि सपाट भागात बोर्ड अडकतो, एक पाय सोडवून ढकलत जावं लागतं. गुलमर्गचं कुरण म्हणजे खालच्या बाजूला बराच सपाट भाग आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला बोर्डच हवा असेल तर बोर्डच शिकू दे, पण आठवडाभर तेच, आणि बोर्ड शिकवणारा शिक्षक आधी पक्का करून.

दुसरी ठिकाणं तुम्ही एका वाक्यात मोडीत काढलीत, ते मला पटलं नाही. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स होत आले आहेत आणि नवशिक्याला असा शिस्तीचा कोर्स फार उपयोगी. मात्र जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यापासून तिथला खालचा रोपवे बंद पडला. औलीला गाडीनेच चढावं लागतं, हे धरून चाला. मनालीची पर्वतारोहण संस्था सोलंगला स्कीचे कोर्स घेते. नारकंडा लहान आहे, शिमल्याहून साठ-पासष्ट किलोमीटर. तिथे फक्त बर्फ पडल्याची खात्री झाल्यावर जावं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण माझ्या लेखात ती अपुरी होती. गुलमर्गचा गंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवतच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर नेतो. तिथून खाली दिसणारा कोरा बर्फ फार मोह घालतो. 1 फेब्रुवारी 2023 ला तिथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर गेले, 22 फेब्रुवारी 2024 ला एक रशियन. हे नवशिके नव्हते. गस्तीखालच्या मुख्य भागाबाहेर पाऊल टाकायचं तर बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायला संदेश देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि ती वापरता येणारे सोबती हवेत. पहिल्या आठवड्यात दुसरा टप्पा बघायला जा, स्की घेऊन जाऊ नका. समुद्रसपाटीवरून उठून आपण थेट गुलमर्गला 2,650 मीटरवर झोपतो, तेव्हा पहिला दिवस अंगाला तसाही सावकाशच घ्यायचा.

शेवटी तुम्ही काश्मीरच्या भीतीबद्दल लिहिलंत. 22 एप्रिल 2025 ला पहलगाममधल्या दहशतवादी हल्ल्यात डोंबिवलीची माणसंही गेली. त्यानंतर ज्यांना तिकडे जावंसं वाटत नाही त्यांना मी आग्रह करणार नाही. औली आणि सोलंग त्यांच्यासाठी आहेत. ज्यांना जायचं आहे त्यांनी पोस्टपेड सिम न्यावं, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, आणि घरी रोज एक फोन करावा.

मुलाचं मनगट आता कसं आहे ते जरूर कळवा. पुढच्या फेब्रुवारीत तो दहावी-बारावीच्या फेऱ्यात नसेल आणि तुम्ही आठ दिवस एका जागी राहायला तयार असाल, तर लिहा. बर्फ पडल्यावर तिकीट काढायचं की आधी, रजा कशी मागायची, हे सगळं आपण तारखा समोर ठेवून ठरवू.