जर्मनीला येणाऱ्या जोडप्यांशी थोडं स्पष्ट बोलते

पुण्या-नाशिकहून जर्मनीला येणाऱ्यांचे मेसेज हल्ली वाढलेत. प्रश्न ठरलेले असतात. एवढ्या पगारात भागेल का, घर कुठल्या भागात बघावं, कुकर आणावा का. (आणा. रात्री दहानंतर शिट्ट्या नकोत, एवढंच.) पण विचारतो तो ज्याला नोकरी लागलीय तो. सोबत येणारी बायको, क्वचित नवरा, त्या बोलण्यात कुठेच नसतो. माझं मत विचाराल तर इथे संसार रुजणार की दोन वर्षांत सामान विकून परतीची तिकिटं काढणार, हे बहुतेक वेळा त्या दुसऱ्या माणसावर ठरतं. नोकरीवाल्याला ऑफिस सांभाळून घेतं. टीम इंग्रजी बोलते, एचआरवाले फॉर्म भरून देतात. दुसऱ्याची गाठ थेट शेजारीण, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट आणि शाळेच्या चिठ्ठ्यांशी पडते, आणि हे सगळं जर्मनमध्ये.

ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा इथला वास्तव्य परवाना. तो असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वनची, म्हणजे जर्मनच्या सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागत नाही. ही सवलत आपल्या लोकांनी जरा जास्तच मनावर घेतलीय. त्याच जोडीदाराला इथे नोकरी करायची पूर्ण मोकळीक असते, वेगळा परवाना लागत नाही. म्हणजे सरकार अडवत नाही, भाषा अडवते. तेव्हा व्हिसाची वाट बघण्यात जे महिने जातात, त्यात वर्ग लावा. पुण्या-मुंबईत जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, बाकी ठिकाणी ऑनलाइन. इथे आल्यावर जवळच्या फोल्क्सहोखशूलेत जा. ही सार्वजनिक प्रौढशिक्षण संस्था, खाजगी क्लासपेक्षा बरीच स्वस्त, आणि वर्गात सीरियाची, युक्रेनची, ब्राझीलची माणसं भेटतात, त्यामुळे आपसात मराठी-हिंदी बोलायची सोयच राहत नाही. ‘मुलं जरा रुळली की सुरू करते’ हे मी फार ऐकलंय. मुलं भराभर रुळतात, आणि मग पालकसभेत आईची दुभाषी होतात. ते काही कौतुकाचं नाही.

नोकरीवाल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. ब्लू कार्डवर कायमचा वास्तव्य परवाना ए-वनच्या जोरावर 27 महिन्यांनी मिळतो, बी-वन (त्याहून दोन पायऱ्या वर) असेल तर 21 महिन्यांनी. सहा महिन्यांचा फरक नुसत्या भाषेवर. नागरिकत्वाला तर बी-वन लागतंच.

आता ज्यांच्या घरात सोबत येणारी व्यक्ती डेंटिस्ट, फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स आहे, त्यांनी नीट वाचा. या पेशांना इथे सरकारी मान्यता मिळाल्याशिवाय काम करता येत नाही. डॉक्टर आणि डेंटिस्टना वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा आहे, ती सी-वनच्या, म्हणजे बी-वनपेक्षाही बऱ्याच वरच्या पातळीच्या तोडीची. आणि मान्यतेसाठी नुसती डिग्री दाखवून भागत नाही. कुठल्या विषयाचे किती तास झाले, इंटर्नशिप कुठे झाली, हे सगळं विद्यापीठाच्या सही-शिक्क्यानिशी लागतं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून हे कागद तिथे असतानाच काढा. इथून सासऱ्यांना हेलपाटे घालायला लावणं फार वाईट. आयटीवाल्यांना, इंजिनिअरांना हा जाच नाही.

घराचं थोडक्यात सांगते. न बघता डिपॉझिट भरू नका. ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो’ म्हणणारा मालक चोर असतो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत देणं हा भाडेकरूचा कायदेशीर हक्क आहे. घरमालक स्वतःहून सांगेलच असं नाही. तात्पुरतं घर घेतानाही तिथे आनमेल्डुंग करता येईल का, हे आधी विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही पत्त्याची नोंद करायची असते, तिला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ती झाली की करक्रमांक पोस्टाने येतो, आणि पगाराचं गणित सुरळीत होतं.

पोस्टाने म्हटलं, तर पत्राच्या पेटीवर दोघांची आडनावं लावा. मुलीने लग्नानंतर आडनाव बदललं नसेल तर तिचंही हवंच. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. पिवळं पाकीट, म्हणजे सरकारी कचेरीचं किंवा कोर्टाचं पत्र, आलं तर त्याच दिवशी उघडा. त्यावर पोस्टमनने तारीख घातलेली असते आणि उत्तराची मुदत तिथून मोजतात. आणि कृपा करून भाडेकरार, बँक खातं, विजेचं कनेक्शन यांत शक्य तिथे दोघांची नावं घाला. नवरा कामासाठी महिनाभर बाहेर आणि बायकोला साधं इंटरनेट कनेक्शनही बंद करता येत नाही, कारण ‘करार तुमच्या नावावर नाही’, अशी घरं मी पाहिलीत. शिकलेल्या, तिकडे टीम सांभाळणाऱ्या बाया या.

आरोग्य विम्यात एजंट खाजगी विम्याचा स्वस्त हप्ता दाखवतो. एकट्या तरुणाला तो स्वस्त वाटतोही. पण सरकारी क्रांकनकासेत, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विमा संस्थेत, न कमावणारा जोडीदार आणि मुलं जादा पैसे न भरता येतात, खाजगीत प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा. शिवाय खाजगीतून सरकारीत परत येणं अवघड. कुटुंब आणायचं असेल तर मोहात पडू नका.

मुलांच्या बाबतीत दोनच गोष्टी. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क असणं आणि जागा मिळणं यात मोठं अंतर आहे, म्हणून पत्ता नक्की झाला की लगेच नाव घाला. किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्जही लांबवू नका. 2025 मध्ये तो मुलामागे महिना 255 युरो होता आणि मागचे फार तर सहाच महिने मिळतात. आणि हो, शाळा सुरू असताना स्वस्त तिकिटं मिळाली म्हणून मुलांना घेऊन भारतात जाता येत नाही. दंड होतो.

बॅगांबद्दल: तूप, पेढे, खवा, चीज काही आणू नका. युरोपीय संघाबाहेरून सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि हापूसही नको, त्यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणा. कोथिंबीर, भेंडी तुर्की दुकानात मिळते.

महाराष्ट्र मंडळात जरूर जा. गणपती, दिवाळी पहाट, मुलांचे मराठीचे वर्ग, सगळं छान असतं. पण आठवड्याची सगळी ऊठबस तिथेच झाली तर बारा वर्षांनंतरही डॉक्टरकडे जाताना सोबत लागते. एखाद्या फेराइनमध्ये, म्हणजे गावातल्या क्लबात, नाव घाला. बॅडमिंटन, गाणं, बागकाम, काहीही. तिथे चुकीचं व्याकरण ऐकून कोणी हसत नाही, फार तर सुधारतात.

आणि हे दोन नंबर दोघांच्याही फोनमध्ये आजच टाका. जीव धोक्यात असेल किंवा आग लागली असेल तर 112. रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा, पण तेवढं गंभीर नसेल तर 116117. घराचा पत्ता आणि ‘मुलाला ताप आहे’ एवढं जर्मनमध्ये न अडखळता म्हणता येईल इतका सराव पहिल्या आठवड्यातच करा, दोघांनीही.