'तुमचे फासे खोटे आहेत' या फॉरवर्डचा समाचार

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे फाशांवर चालणारे गोष्टींचे खेळ खेळणाऱ्या मुंबईतल्या गेमिंग ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय: 'तुमचे फासे खोटे आहेत! प्रत्येक डीएमने वाचलंच पाहिजे.' (डीएम म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा.) फिरू दे म्हणून सोडूनही दिलं असतं. पण तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि नुकतंच टेबल चालवायला लागलेल्या त्या पोरीने चांगले डी२० (वीस बाजूंचे फासे; तसाच डी६ सहा बाजूंचा, डी१२ बारा) कचऱ्यात टाकले, वर स्वतः लिहिलेला एन्काउंटरचा, म्हणजे वाटेत कोण भेटणार ते फाशावर ठरवायचा, तक्ताही बिघडवून ठेवला. म्हणून हा खटाटोप.

मेसेजमधले दावे असे. डी२० शंभर वेळा टाका. एखादा आकडा तीनपेक्षा कमी किंवा आठपेक्षा जास्त वेळा आला तर फासा खोटा. मिठाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा तोच आकडा वर आला तरी खोटा. बारा ओळींच्या तक्त्यासाठी डी१२ टाका नाहीतर दोन डी६, सगळं सारखंच. ॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा घ्यायचा) म्हणजे सरळ अधिक पाच. बराच वेळ वीस पडलं नाही की ते 'ड्यू' होतं, म्हणजे आता पडणारच. आणि ॲपमधले फासे मुद्दाम वाईट पाडतात.

शंभर फेकांची 'परीक्षा'

हा सगळ्यात हास्यास्पद दावा, आणि नेमका हाच लोकांना शास्त्रीय वाटतो. शंभर फेकांत प्रत्येक आकडा सरासरी पाच वेळा यायला हवा, इथवर ठीक. पण अगदी निर्दोष फाशातही एखादा ठरावीक आकडा दोन किंवा त्याहून कमी वेळा येण्याची शक्यता जवळजवळ १२ टक्के आहे आणि नऊ किंवा जास्त वेळा येण्याची ६ टक्क्यांच्या वर. म्हणजे एका आकड्यामागे १८ टक्के. आकडे वीस आहेत. या नियमाने निर्दोष फाशाचे सरासरी साडेतीन आकडे 'नापास' होतात. एकही नापास न होणारा फासा सापडला तर उलट त्याच्याकडेच संशयाने बघावं लागेल! शंभर फेकांत एखादा आकडा एकदाही न दिसणं हेसुद्धा साधारण नऊ निर्दोष फाशांमागे एकाच्या नशिबी येतंच.

तपासायचंच असेल तर नीट तपासा. एकाच फाशाच्या ५०० फेका नोंदवा. प्रत्येक आकड्याची अपेक्षा २५. प्रत्येक आकडा जितक्या वेळा आला त्यातून २५ वजा करा, उत्तराचा वर्ग करा, त्याला २५ ने भागा आणि वीसही आकड्यांची ही उत्तरं एकत्र मिळवा. ही झाली काय-स्क्वेअर चाचणी. बेरीज ३०.१४ च्या वर गेली तर संशय घ्यायला जागा आहे. फक्त संशय, कारण वीस निर्दोष फाशांतला एक या रेषेच्या वर जातोच. दहा फासे तपासले तर निदान एक विनाकारण अडकण्याची शक्यता ४० टक्के. अडकलेल्या फाशाच्या नव्याने ५०० फेका करा. जुन्या नोंदी त्यात मिसळू नका. दुसऱ्यांदाही तोच आकडा पुढे असेल तर मग बाजूला ठेवा.

आणि कललेला फासा किती कललेला असतो? वेल्डन या इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९४ साली बारा फाशांच्या २६,३०६ फेकांची नोंद मांडली, म्हणजे एकूण ३,१५,६७२ निकाल. पाच किंवा सहा येण्याचं प्रमाण ३३.३३ टक्के हवं होतं, आलं ३३.७७. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९०० साली काय-स्क्वेअर चाचणी मांडली तेव्हा हीच आकडेवारी घेऊन त्याने दाखवलं की हे निव्वळ योगायोगाने होणं जवळपास अशक्य आहे. फासे खरंच कललेले होते, पण अर्ध्या टक्क्याहूनही कमी! तेवढा फरक ठसठशीत दिसायला निकाल लाखाच्या घरात लागतात. रविवारच्या सेशनमध्ये तुम्ही फार तर पन्नास वेळा फासा टाकता. त्यात 'हा मला नेहमी दगा देतो' हे कळणं शक्यच नाही.

मिठाचं पाणी

यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. फाशाच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर हलकी बाजू पाण्यात वर येते. पण प्रयोग करायचा तर धड करा. २०० मिली कोमट पाण्यात साधारण ७० ग्रॅम मीठ विरघळतं, त्याहून जास्त टाकलं तर तळाशी बसतं. एवढ्या खारट पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते आणि ॲक्रिलिकची असते १.१८, म्हणजे फासा जेमतेम तरंगतो. रेझिनचे काही फासे बुडतातच, त्यांच्यासाठी केमिस्टकडून एप्सम सॉल्ट आणा. धातूचे फासे तरंगवायच्या नादी लागू नका.

खरी गोम पुढे आहे. कोरलेल्या आकड्याच्या खाचेत हवेचा बारीक बुडबुडा अडकतो आणि तीच बाजू वर ठेवतो. म्हणून पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि प्रत्येक वेळी फासा बोटाने बुडवून पूर्ण फिरवा. एवढं करूनही लक्षात ठेवा: स्थिर पाण्यात फाशाला अडवणारं काहीच नसतं, त्यामुळे वजनातला नगण्य फरकही त्याला वळवतो. टेबलावर आपटून गडगडणाऱ्या फाशाला तो फरक जाणवतही नाही. बोट काढताक्षणी दरवेळी तोच आकडा झटकन वर येत असेल तरच वरची ५०० फेकांची चाचणी घ्या. कचऱ्याचा डबा नंतर.

शिवाय आकाराचा दोष पाण्यात कळतच नाही. नागदेवीच्या हार्डवेअरच्या दुकानांत डिजिटल व्हर्नियर मिळतो. समोरासमोरच्या बाजूंचे आकडे मिळून २१ होतात, म्हणजे अशा दहा जोड्या मोजायच्या. एखाद्या जोडीचं अंतर बाकीच्यांपेक्षा ठळक कमी असेल तर फासा तिथे चपटा आहे आणि ते दोन आकडे जास्त पडणार.

दोन डी६ म्हणजे डी१२ नव्हे

फासे कचऱ्यात गेले तर पैसे जातात. हा दावा मानला तर खेळ जातो. दोन डी६ वर 'एक' पडतच नाही, म्हणजे तक्त्याची पहिली ओळ मेलीच. डी१२ वर प्रत्येक ओळ ८.३३ टक्के. दोन डी६ वर सात येण्याची शक्यता १६.६७ टक्के, दोन आणि बारा प्रत्येकी २.७८. नुसत्या सहा-सात-आठमध्ये ४४ टक्के निकाल संपतात.

समजा सह्याद्रीतल्या पडक्या किल्ल्याचा तक्ता आहे. सातवर माकडांची टोळी, सहा आणि आठवर वाट चुकलेले गुराखी आणि रानडुक्कर, तीनवर मुंजा, बारावर वेताळाची पालखी. दोन डी६ वर पालखी छत्तीस एन्काउंटरांत सरासरी एकदा येते आणि आली की टेबलावरचे सगळे सावरून बसतात. तोच तक्ता डी१२ वर चालवा, पालखी तिप्पट वेळा येईल, माकडांइतकीच. मग वेताळाचं अप्रूप ते काय राहिलं? उलट शहरातल्या दुकानांचा किंवा पात्रांच्या नावांचा तक्ता, जिथे सगळं सारखंच हवं, तिथे डी१२ बरोबर. छत्तीस सारख्या ओळी हव्यात तर दोन रंगांचे डी६ घ्या, एक दशकाचा, एक एककाचा. कुठला दशकाचा ते टाकण्याआधी ठरवा, नाहीतर वाद ठरलेला.

'रात्री अधिक दोन' हा मॉडिफायर, म्हणजे रात्री निकालात दोन मिळवणं, तर जपूनच वापरा. दोन डी६ वर बारा किंवा वर जाण्याची शक्यता १/३६ वरून थेट ६/३६ होते, सहापट, आणि दोन-तीन या ओळी गायब. मुंजा रात्री भेटणारच नाही! रात्रीसाठी वेगळा तक्ता लिहिलेला बरा. उतार सौम्य हवा असेल तर डी८ अधिक डी१२: दोन ते वीस, त्यात नऊ ते तेरा प्रत्येकी १/१२ आणि टोकं प्रत्येकी १/९६. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या एन्काउंटर तक्त्यांत ही जोडी जुनीच आहे.

तोच निकाल परत आला म्हणून तक्ता बिघडलाय असंही समजू नका. डी२० च्या तक्त्यावर सहा वेळा टाकलं तर काहीतरी पुन्हा येण्याची शक्यता ५६ टक्के. आलेली ओळ पेन्सिलने खोडा, पुन्हा आली की खालची घ्या.

उरलेलं झटपट

ॲडव्हांटेज आणि अधिक पाच: अर्धं खरं. अकरा हवे असतील तर शक्यता ५० वरून ७५ टक्के होते, म्हणजे बरोबर अधिक पाच. वीसच हवं असेल तर ५ वरून ९.७५, म्हणजे अधिक एकसुद्धा नाही. पॅसिव्ह पर्सेप्शनला (फासा न टाकता पात्राच्या नजरेत काय येतं ते ठरवणारा आकडा) ॲडव्हांटेज असेल तर नियमातच अधिक पाच दिलंय, तिथून हे उचललेलं दिसतं.

'ड्यू' वीस: वीस फेकांत एकदाही वीस न येण्याची शक्यता जवळजवळ ३६ टक्के आहे, आणि एकविसाव्या फेकीला वीस येण्याची शक्यता पुन्हा पाचच टक्के. फासा हिशेब ठेवत नाही.

ॲप: काय-स्क्वेअर तिथेही चालतो. पाचशे निकाल उतरवा आणि बेरीज करा. ज्यांनी आरोप केलाय त्यांनी आधी करावी.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र खरंच घोळ घालते: कॅरम बोर्ड. बोरिक पावडर लावलेल्या बोर्डावर फासा गडगडत नाही, घसरतो, आणि हातात जो आकडा वर होता तोच बऱ्याचदा वर राहतो. आधी पावडर पुसा किंवा वर जाड कापड घाला. बोर्डाची चौकट कामाचीच आहे. फासा तिला आपटून परत आला पाहिजे, नाहीतर पुन्हा टाकायला लावा.