आधी शुगर बघा, मग स्वभावाला नावं ठेवा

"माझ्या कपाटाला हात लावलास ना? चोर आहेस तू."

दुपारी चारच्या सुमाराला सासूबाई मला हे बोलल्या. लग्नाला १९ वर्षं झाली आमच्या, एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून असा शब्द कधी आला नव्हता. मी काही न बोलता आत गेले आणि रडले. तासाभराने त्या चहाला हाक मारत आल्या, जसं काही घडलंच नाही. आपण काय बोललो ते त्यांना आठवतच नव्हतं आणि मला ते नाटक वाटलं. हे लिहिताना आजही जीव कासावीस होतो.

पुढच्या आठ दिवसांत आणखी दोनदा असंच झालं. फोनवर जो तो एकच म्हणत होता, "साठी बुद्धी नाठी, तू मनावर घेऊ नकोस." माझी समजूत घालायलाच म्हणत होते सगळे. पण या म्हणीने आमचे आठ दिवस खाल्ले.

तिसऱ्या वेळी त्यांच्या पाठीला हात लागला तर ब्लाउज घामाने चिंब, अंग गार. पंखा तर फुल्ल चालू होता. घरात ग्लुकोमीटर होता, नुसता पडून. बोट टोचलं. शुगर ४६.

७० च्या खाली गेली की शुगर कमी झाली म्हणायचं, आणि ५४ च्या खाली म्हणजे धोका. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण खर्च होणाऱ्या ऊर्जेतली सुमारे २० टक्के एकटा घेतो आणि स्वतःजवळ साखरेचा साठा जवळजवळ ठेवत नाही. पुरवठा आटला की संयम, विचार, बोलणं डळमळायला लागतं. माणूस संशय घेतो, चिडतो, अडखळत बोलतो, कधी दारू प्यायल्यासारखा वागतो. हात थरथरणं, छातीत धडधडणं या खुणा वय झालेल्या आणि जुना डायबेटिस असलेल्या माणसात बोथट होतात. त्यात आई बीपीसाठी बीटा-ब्लॉकर घेत होत्या. ती गोळी थरथर आणि धडधड दोन्ही झाकते. घाम मात्र झाकत नाही. आम्हाला तेवढी एकच खूण मिळाली.

१५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजलं. १५ मिनिटांनी ६३. पुन्हा तेवढंच दिलं. ९० च्या पुढे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तू का रडतेस गं?"

(ज्यांच्या डायबेटिसच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांच्या घरी ग्लुकोजच ठेवा. या गोळ्यांमुळे साधी साखर रक्तात लवकर उतरत नाही. आणि माणूस शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.)

शुगर वर आली म्हणून आम्ही निवांत झालो होतो, पण डॉक्टरांनी त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. कारण त्यांची डायबेटिसची गोळी, ग्लिमेपिराइड. या गटातल्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ राहतो आणि शुगर पुन्हा घसरू शकते. महिन्यापूर्वी दात काढल्यापासून त्यांचं खाणं निम्म्यावर आलं होतं, गोळी तेवढीच चालू. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिनही वाढलेलं. किडनी मंदावली की औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं. यातलं एकेक आम्हाला माहीत होतं, पण एकत्र जोडून कुणी पाहिलंच नाही.

माझा खरा राग आहे तो आम्ही मिरवत होतो त्या आकड्यावर. ७८ व्या वर्षी एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१! "बघा, किती कंट्रोलमध्ये आहे." अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना, या वयात, हा आकडा पाहून खूश व्हायचं नसतं, डॉक्टरांना विचारायचं असतं. इतर बरेच आजार असलेल्या वृद्धांसाठी अमेरिकन डायबिटीज असोसिएशनही ८ च्या आत, असं सैल उद्दिष्ट सुचवते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आमची डॉक्टरांनी बदलली.

इथपर्यंतचं मी नातेवाइकांना बऱ्याचदा सांगितलं आहे. पुढचं कमी सांगितलं, कारण त्यात चूक जास्त माझी होती.

तीन महिन्यांनी आई एकदम शांत झाल्या. तक्रार नाही, चौकशी नाही, दिवसभर डोळे मिटून पडून. शुगर १८०. मीटर ठीक म्हणतोय म्हणून मी दोन दिवस काही केलं नाही. खरं सांगायचं तर घरातली ती शांतता मला बरी वाटली. तिसऱ्या रात्री त्यांना खोलीत माणसं दिसायला लागली. लघवीचं इन्फेक्शन निघालं. ताप नव्हता, जळजळ नव्हती. म्हातारपणी इन्फेक्शन बरेचदा असं डोक्यातूनच दिसतं. याला डिलिरियम म्हणतात. घडीत बरं, घडीत भ्रम, आणि लक्ष एका जागी ठरत नाही. डिमेन्शिया महिनोन्‌महिने हळूहळू येतो, हा तासा-दिवसांत येतो. आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो, गप्प पडून राहणारा निसटतो.

शुगर खूप वाढली तरी असंच सुस्त, गोंधळलेलं वागणं दिसतं. काही दिवसांत ती ६०० च्या वरही जाते, शरीर कोरडं पडतं, जीव जाऊ शकतो. नवी गोळी, सोडियम कमी होणं, न्यूमोनिया, अशा अचानक गोंधळाची कारणं पुष्कळ आहेत. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, तर शुगर बघा, पण त्यासाठी थांबू नका. शुगर कमी झाल्यावरही पॅरालिसिससारखं दिसू शकतं, तो निवाडा हॉस्पिटलमध्ये होऊ दे.

डॉक्टरांकडे जाताना आता मी वहीत तीन गोष्टी लिहून नेते: वागणं कधी बदललं, शेवटचं कधी आणि किती खाल्लं, कोणती गोळी किती वाजता घेतली. "आई हल्ली विचित्र वागतात" एवढ्यावरून त्यांना काय कळणार?

अँटिबायोटिक संपल्यावरही आईंना पूर्ववत व्हायला दोन-अडीच आठवडे लागले. एका दुपारी, पुन्हा चारच्याच सुमाराला, आवाज आला, "माझं कपाट कुणी आवरलं?"

मी मीटर घेऊन धावले. ११८.

"मीच आवरलं आई, तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा."

"सगळं चुकीच्या कप्प्यात ठेवलंयस," म्हणाल्या. मग आम्ही दोघी कपाट पुन्हा लावायला बसलो.