मुलगी खूप प्रेमळ आहे, नर्सिंगला घालू का?

गेल्या आठवड्यात एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. लेकीने पुढे काय शिकायचं यावर घरात खल चाललाय. "अगं, ही इतकी प्रेमळ आहे ना! कुणाला जरा लागलं तरी हिच्या डोळ्यांत पाणी. नर्सिंगला घालू का?"

मी म्हटलं, "डोळ्यांत पाणी आलं की सुई लावायची शीर दिसत नाही गं."

तिला ते लागलं. फोन जरा लवकरच ठेवला तिने. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ती वाचेलच, पण हाच प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

३१ वर्षं वॉर्डात काढली. स्टाफ नर्स म्हणून लागले, इन्चार्ज होऊन बाहेर पडले. शिकाऊ मुलामुलींच्या कितीतरी बॅचेस हाताखालून गेल्या. अतिशय मायाळू म्हणून आलेल्या काही जणी उत्तम नर्स झाल्या, काही सहा महिन्यांत कोमेजल्या. आणि तुसडी म्हणून जिची तक्रार यायची अशी एक होती, तिची ड्युटी असली की मी घरी शांत झोपायचे. म्हणजे मायेचा आणि कामाचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही.

मला विचाराल तर या कामाला पहिली लागते ती नजर. आणि नजरेला जे पडलं ते वेळेवर तोंडातून काढायची तयारी. माया त्याच्या मागून आली तरी चालते. बहुतेकदा येतेच.

एक उदाहरण सांगते. एक आजोबा होते, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. चार्टवर सकाळपासून श्वासाचा आकडा १८, १८, १८, १८. वॉर्डात काम केलेल्यांना इथे हसू आलं असेल. हा १८ मोजलेला नसतो, वरच्या ओळीतून खाली उतरवलेला असतो. ताप थर्मामीटर सांगतो, बीपी मशीन सांगतं, ऑक्सिजन बोटाला लावलेला चिमटा सांगतो. श्वास मात्र घड्याळाकडे बघत मिनिटभर उभं राहून मोजायचा असतो, म्हणून नेमका तोच राहतो.

त्या दिवशी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ड्युटीला होती. अबोल, नजरेला नजर न देणारी. मी लांबून पाहत होते. तिने आजोबांचं मनगट धरलं, नाडी मोजली, आणि मोजून झाल्यावरही हात सोडला नाही. का, ते मला कळलं. आपला श्वास मोजतायत हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी धरल्याचं निमित्त करून छातीकडे बघत मोजायचा. मग ती माझ्याकडे आली. "सिस्टर, सव्वीस आहे. दोनदा मोजला. आणि दुपारी ते उशी काढून टाका म्हणत होते, आता दोन उश्या मागतायत."

बीपी ठीक, ताप नाही, आजोबा बोलतायत, नातेवाईक निवांत. पण निरोगी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. २६ म्हणजे आत काहीतरी बिनसलंय आणि शरीर ते कसंबसं सांभाळून घेतंय. ब्रिटनमध्ये २०१२ पासून पेशंट खालावतोय का हे ओळखायला जी गुणांची पद्धत वापरतात, तिच्यात गुण जितके जास्त तितका धोका जास्त, आणि श्वास २५ किंवा त्याच्या वर गेला की त्या एका रकान्यात थेट ३ गुण पडतात. त्याहून जास्त त्या रकान्यात देताच येत नाहीत. डॉक्टरांना बोलावलं, एक्स-रे झाला, न्यूमोनिया सुरू होत होता. आजोबा पुढे चालत घरी गेले.

मला आजही त्या २६ पेक्षा दोन उश्यांचं जास्त कौतुक वाटतं. श्वास अडू लागला की माणसाला सपाट पडवत नाही, उंच टेकावंसं वाटतं. २६ मोजायला शिकवता येतं. दुपारी नको असलेली उशी संध्याकाळी का हवी झाली, हे ज्याच्या डोक्यात टिकतं आणि टोचतं, तो माणूस या कामाचा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की सगळ्यांना हातात दिवा घेतलेली मायाळू बाई आठवते. १८५४ मध्ये ती क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी गेली, हे खरं. पण परत आल्यावर तिने काय केलं, ते फारसं कुणी सांगत नाही. तिने मृत्यूंचे आकडे मांडले, १८५८ मध्ये त्यांच्या आकृत्या छापल्या आणि दाखवून दिलं की सैनिक जखमांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने टाळता येण्यासारख्या रोगांनी मेले. घाण, गर्दी, कोंदट हवा. बाई गणिताची होती आणि भांडायची. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावे नर्सिंगचं विद्यालय निघालं, ते काही नुसत्या कनवाळूपणावर नाही निघालं.

आता गणिताचं निघालंच आहे तर. "गणित कच्चं आहे म्हणून नर्सिंग घेतलं" असं सांगणाऱ्या मुली मला दर वर्षी भेटायच्या, आणि माझ्या पोटात गोळा यायचा. ५०० मिलिलिटरचं सलाईन चार तासांत जायचंय, सलाईनची नळी, म्हणजे सेट, २० थेंबांना एक मिलिलिटरचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? साधारण ४२. हे रात्री तीन वाजता, मागे कुणीतरी कण्हत असताना, शेजारच्या खाटेची बेल वाजत असताना काढायचं असतं. सलाईन आपोआप सोडणारे पंप आले, सोपं झालं, मान्य. पण पंपात आकडा माणूसच घालतो. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. म्हणून तर १ लिहायचं असताना १.० लिहू नये, अर्धा लिहिताना ०.५ मधलं पुढचं शून्य गाळू नये असं शिकवतात. इन्सुलिनच्या आकड्यापुढे इंग्रजी यू अक्षर घाईत लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात, म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. हुशारी नाही लागत याला. उत्तर आल्यावर "हे पटतंय का?" असं स्वतःलाच एकदा विचारायची खोड लागते. एका डोससाठी औषधाच्या सहा अँप्यूल, म्हणजे काचेच्या कुप्या, फोडाव्या लागतायत असं दिसलं तर हात थांबला पाहिजे.

बोलणं. इथे गोड बोलणाऱ्या मुली हमखास अडकतात, कारण गोड बोलणं वेगळं आणि नेमकं बोलणं वेगळं. मध्यरात्री डॉक्टरांना फोन लावून "चार नंबरच्या पेशंटला जरा बरं वाटत नाहीये" एवढंच सांगितलं तर पलीकडून "बरं, बघते सकाळी" येणार. झोपेतल्या माणसाला 'जरा' या शब्दाने जाग येत नाही. आता याची एक पद्धत शिकवतात, आमच्या वेळी नव्हती. आधी आत्ता काय घडतंय ते, मग पेशंटची थोडक्यात हकीकत, मग मला काय वाटतंय, आणि शेवटी मला तुमच्याकडून काय हवंय. ही पद्धत म्हणे अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आली. आली असेल, तिथेही 'जरा' चालत नसणार. चारपैकी पहिले तीन मुलं पटकन शिकतात. चौथं, "तुम्ही आत्ता येऊन बघावं असं मला वाटतं", हे वाक्य तोंडातून काढायला काहींना दोन-दोन वर्षं लागतात. आवाज खाली जातो, "म्हणजे, तुम्हाला वाटलं तर" असं शेपूट लागतं. ज्याला स्वतःपेक्षा मोठ्या हुद्द्याच्या माणसाला शांतपणे दुसऱ्यांदा फोन लावता येतो, त्याचा पेशंट सुरक्षित असतो. पहिला फोन कुणीही लावतं हो.

आता माझी चूक. ही मी नवीन मुलांना दर वर्षी सांगायचे, तुम्हालाही सांगते.

नोकरीचं तिसरं वर्ष. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोन पेशंट. मी औषधांचा ट्रे घेऊन पहिल्याकडे गेले आणि विचारलं, "तुम्ही अमुक ना?" ते हसून "हो हो" म्हणाले. मी बीपीची गोळी दिली, त्यांनी गिळली. पलीकडच्या खाटेशी आले, केसपेपर उघडला आणि पायांतलं बळ गेलं. गोळी यांची होती. पहिल्या गृहस्थांना कमी ऐकू यायचं, ते प्रत्येक प्रश्नाला हसून "हो हो"च म्हणायचे. हे मला ठाऊक होतं! सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंटची माहिती घेताना, मीच ऐकलं होतं.

तिथून इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलापर्यंत जेमतेम दहा पावलं. तेवढ्यात मनात काय काय येऊन गेलं. कुणी पाहिलं नाही. एकच तर गोळी. बहुतेक काही होणार नाही. मी सांगितलं, पण सहज सांगितलं असं म्हणणार नाही. सिस्टर ओरडल्या नाहीत. "आधी बीपी घे, दर पंधरा मिनिटांनी. डॉक्टरांना मी सांगते. त्या दुसऱ्यांची गोळी राहिलीय, ती दे." एवढंच. बीपी खाली आलं, ९० पर्यंत गेलं, रात्री परत वर आलं. पेशंटला आणि त्यांच्या मुलाला आम्ही काय झालं ते सांगितलं. ड्युटी संपल्यावर सिस्टरांनी केबिनमध्ये नेऊन मला जे सुनावलं, ते इथे लिहीत नाही.

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाठ नसलेली नर्स तुम्हाला सापडणार नाही. मलाही तेव्हा पाठ होतं. त्या दिवसानंतर मी कुणालाही "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा", आणि मनगटावरच्या पट्टीशी पडताळा. पेशंट म्हणायचे, रोज काय नाव विचारता, ओळखत नाही का? ओळखते, तरी सांगा.

म्हणून माझं मत जरा कडक आहे. हात थरथरणारा, हळू काम करणारा, लाजराबुजरा, सगळे चालतील, सगळे शिकतात. चूक झाकणारा नको. तो कितीही गोड असू दे.

बाकी ज्याची लोकांना भीती वाटते, म्हणजे रक्त, उलटी, घाण, वास, त्याचं मला कधीच काही वाटलं नाही. पहिल्या ड्रेसिंगला चक्कर येऊन खाली बसलेल्या पोरी पुढे आयसीयू चालवतात. नाक दोन महिन्यांत शरण येतं. पाठ आणि पाय मात्र जपायला शिका. पेशंटला खाटेवर सरकवताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांतून वाकायचं, आणि दोघांचं काम एकट्याने करून दाखवायचं नाही. माझी कंबर याची साक्ष देईल. आणि हो, मुलग्यांनो, हे सगळं तुम्हालाही लागू आहे. 'ब्रदर' म्हणून आलेली कितीतरी मुलं इतकी हळुवार होती की बेडसोअरचं, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमेचं, ड्रेसिंग त्यांच्याच हातून व्हावं म्हणून पेशंट थांबायचे.

मग मायेचं काय? मैत्रिणीचा राग याच्यावर होता. माया लागते, पण ती डोळ्यांत पाणी आणणारी नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दोन-दोन तासांनी कूस बदलायची असते, झोपलेल्या माणसाला उठवून. तो वैतागतो, शिव्या देतो, परवा आलेली मुलगी त्याला राक्षसीण वाटते. तरी वेळ झाली की जायचं, पडदा ओढायचा, "आता डाव्या कुशीवर घेते हं" असं सांगायचं, आणि चादरीची सुरकुती हाताने काढायची. सुरकुती राहिली की तिथेच कातडी लाल होते. बेशुद्ध पेशंटलाही सांगूनच हात लावायचा. तो ऐकत नसेल कदाचित. आपला हात ऐकत असतो, मग तो हलका पडतो. मी मायेला ओळखते ती अशी.

रडू येतंच. मीही रडलेय, औषधांच्या खोलीत, दार लावून, आणि पाच मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर आलेय. ज्यांना दार लावता येत नाही ते थकून जातात. ज्यांना कधीच रडू येत नाही, त्यांच्याविषयी मी जरा साशंक असते. पण हा माझा स्वभाव झाला, नियम नाही.

काल रात्री मैत्रिणीच्या लेकीचाच फोन आला, आईला न सांगता. म्हणाली, "मावशी, मला दोनच प्रश्न आहेत. रक्त बघून मला कसंतरी होतं, चालेल का?"

म्हटलं, "चालेल. दुसरा?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या हातून कुणाला चुकीचं औषध गेलं तर?"

मी खुर्ची ओढली, बसले, आणि तिला त्या दोन खाटांपासून सांगायला सुरुवात केली.