सूज की बाळसं?

किनाऱ्यावर वाळूत पळणाऱ्या एटीव्हीची, म्हणजे चारचाकी बाईकची, डिपस्टिक (ऑईल मोजायची दांडी) बाहेर निघाली की भोवती चार डॉक्टर उगवतात. पहिल्याचं निदान ठरलेलं: "काळं पडलंय, गेलं इंजिन!" अहो, काजळी पोटात घेणं ही ऑईलची नोकरीच आहे. रंगावरून स्थळ नाकारायची खोड इथेही सुटत नाही.

मला धडकी भरते ती दुसऱ्याच्या आनंदाने. "वा, ऑईल वाढलंय की!" डब्यातलं गोडेतेल कधी आपोआप वाढलंय का? ही सूज आहे, बाळसं नव्हे.

आधी मोजमाप तपासा. वाळूत तिरकी उभी गाडी सपाट जागी आणा, दांडी पुसा. आटे आवळून बघायचं की दांडी नुसती टेकवून, हे मॉडेलनुसार बदलतं. मॅन्युअल वाचा, ते सीटखाली अस्पर्श पडलेलं असतं.

तरी वाढलेलंच? मग हुंगा. पेट्रोलचा भपकारा आला तर बहुधा कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) कचऱ्याने उघडी राहिलीय. टाकी वर, कार्बोरेटर खाली आणि पेट्रोलचा कॉक बंद करायचा आपल्याला कंटाळा. त्यात ओव्हरफ्लोची नळी वाळूने चोंदली की पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑईलमध्ये झिरपतं. या पातळ रश्श्यावर बेअरिंगं टिकत नाहीत. "एकदा स्टार्ट करून बघू" म्हणणाऱ्या तिसऱ्याकडून आधी किल्ली काढून घ्या.

ऑईल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी. एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या, इंजिनात कूलंटच (इंजिन थंड ठेवणारं पाणीच) नाही. म्हणजे ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून) किंवा एअरबॉक्समधून (हवा आत घेणाऱ्या डब्यातून) समुद्र आत आलाय. लिक्विड-कूल्ड असेल तर संशय वॉटर पंपच्या सीलवर. पंपाखाली बारीक भोक असतं, तिथून थेंब गळतात. ते बुजवणारे महाभाग मी पाहिलेत! भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. बुजवलं की कूलंटला ऑईलकडे जायची वाट मोकळी. शंका असेल तर तापल्या पत्र्यावर थेंब टाका, तडतडला की पाणी. पेट्रोलचा वास येणाऱ्या ऑईलवर हा प्रयोग करू नये. घरच्या तव्यावर तर कुठल्याच नाही.

पाणी शिरलेलं ऑईल एकदा बदलून भागत नाही, कोपऱ्यांत मलई उरते. नवं भरा, काही मिनिटं चालवा, पुन्हा काढा. काढलेल्यात चकाकी असेल तर लोहचुंबक फिरवा. चिकटली तर गिअरचं पोलाद, नाही चिकटली तर बहुधा पिस्टनचं ॲल्युमिनियम. दोन्हीकडे चांदी मेकॅनिकचीच.

एवढ्यात चौथे डॉक्टर विचारतात, "कारचं उरलेलं ऑईल ओतू?" क्लच ऑईलात बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण) लिहिलेलंच हवं. नाहीतर क्लच घसरतो. इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही.